टोपीवाला मिस्त्री

कानाचं मशीन अण्णांनी चौथ्यांदा काढून ड्रॉवरमध्ये टाकलं, तेव्हा आम्ही तो नाद सोडला. "ह्यात माणसं बोलत नाहीत, भांडी घासतात," असं त्यांचं म्हणणं. वय ब्याऐंशी. सत्तरीनंतर एकेक आवाज बंद होत गेला. आधी दारावरची बेल, मग कुकरची शिट्टी, मग आम्ही. संध्याकाळी टीव्हीसमोर बसायचे, पण मालिकेत बायका एकमेकींकडे रागानं बघताहेत आणि कॅमेरा तीन-तीनदा त्यांच्या तोंडावर आपटतोय, एवढ्यातून त्यांना काय उमजणार? पाच मिनिटं बघायचे आणि विचारायचे, "ही कशानं एवढी चिडलीय?" मी ओरडून सांगायचो. शेजारचे येऊन बेल वाजवायचे. ती अण्णांना ऐकू यायची नाही.

आवाज नसलेलाच पिक्चर लावा ना, हे सुचलं माझ्या मुलीला. मी एवढी वर्षं सिनेमावर लिहितोय, बोलतोय, आणि मला ते सुचू नये!

मूकपट म्हटलं की हात आपोआप चॅप्लिनकडे जातो. तो लावला. अण्णांनी मन लावून पाहिला, दोनदा हसले. संपल्यावर म्हणाले, "चांगला आहे. पण फार मागतो."

मुलीची पहिलीतली पाटी आम्ही अण्णांशी बोलायला वापरतो. तिच्यावर मी लिहिलं, काय मागतो?

"आपल्याकडनं. सारखा बघतो आपल्याकडं, की मला बिचारा म्हणा."

चॅप्लिनच्या थोरवीबद्दल मला शंका नाही आणि अण्णांनाही नसावी. पण ते वाक्य डोक्यात राहिलं, आणि दुसऱ्या रविवारी मी बस्टर कीटन ह्या त्याच काळातल्या विनोदी नट-दिग्दर्शकाचा 'द जनरल' काढला. त्याचं खरं कारण एवढंच की त्यात इंजिन आहे.

अण्णा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट, अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी, तिची इंजिनं आणि डबे ह्या वर्कशॉपात उघडून बसवले जायचे. आता तिथं ब्रॉडगेज झाली. गावात अण्णांना कुणी आडनावानं हाक मारत नसे, मिस्त्री म्हणत. आणि मी मिस्त्रीचा पोरगा.

तर 'द जनरल'. गोष्ट अमेरिकेतल्या यादवी युद्धाची. जॉनी ग्रे, म्हणजे स्वतः कीटन, हा दक्षिणेकडचा इंजिन ड्रायव्हर. त्याचा जीव दोघींवर, एक त्याचं इंजिन आणि दुसरी अ‍ॅनाबेल. युद्ध पेटतं, हा भरती व्हायला धावतो, पण सैनिकापेक्षा ड्रायव्हर म्हणूनच त्याचा जास्त उपयोग आहे म्हणून त्याला घेत नाहीत, आणि हे कारण त्याला कुणी सांगतही नाही. ती समजते हा भ्याला. अंगावर गणवेश असल्याशिवाय माझ्याशी बोलू नकोस म्हणते आणि निघून जाते. तो येऊन इंजिनाच्या साइड रॉडवर बसतो. चाकांना एकमेकांशी जोडणारा तो लांब लोखंडी दांडा. बसलाय, समोर बघतोय, चेहऱ्यावर काहीच नाही. इंजिन हलतं. दांडा वर जातो, खाली येतो, पुन्हा वर. हा त्याच्यावर तसाच बसलेला. इंजिन शेडच्या तोंडाशी पोचतं तेव्हा कुठं त्याला कळतं.

हा प्रसंग मी त्याआधी तीनदा पाहिला होता. पहिल्यांदा पुण्यात, लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हच्या थिएटरात, कॉलेजात असताना. तेव्हा हसलो होतो आणि बाहेर चहा पिताना उदास विनोद वगैरे शब्दही वापरले होते.

अण्णा खुर्चीतून अर्धे उठले आणि ओरडले, "अरे उठव त्याला!"

त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे त्यांचा आवाज मोठा. मुलगी आतून धावत आली.

सिनेमा थांबवला. अण्णांनी दोन्ही हातांनी समजावून सांगितलं. वाफेचं इंजिन उभं असताना रेग्युलेटर जरा जास्त उघडला, वाफ एकदम सुटली, की चाकं पुढं न जाता जागच्या जागी घुमतात. रूळ ओला किंवा तेलकट असला तर हमखास. म्हणून तर चाकापुढं वाळू सोडायची सोय असते. "घुमलं असतं ना चाक," ते म्हणाले, "तर दांडा असा फिरला असता." आणि त्यांनी मनगट इतक्या जोरात फिरवलं की पाटी खाली पडली. "हा माणूस सापडला नसता."

मी नंतर शोधलं. कीटननं स्वतः हेच सांगून ठेवलंय. त्या दृश्यात इंजिन चालवणाऱ्याला नेमकी हीच भीती होती. म्हणजे ऑरेगन राज्यातल्या एका ड्रायव्हरला १९२६ साली जे दिसत होतं, ते कुर्डुवाडीच्या फिटरला जवळजवळ शंभर वर्षांनी घरबसल्या दिसलं, आणि मधल्या सगळ्या शहाण्यांना, त्यात मी आलोच, दिसली ती उदासी. मला त्या दिवशी थोडी लाज वाटली, आणि मग उत्सुकता.

पुढं तर अण्णांनी मला सिनेमा बघूच दिला नाही, ते मला तो दाखवत होते. शत्रूनं पळवलेल्या इंजिनाचा पाठलाग करताना जॉनी इंजिनाच्या पुढच्या जाळीवर, काऊकॅचरवर, बसलाय. छातीशी एक लाकडी स्लीपर धरलाय. पुढं रुळावर दुसरा स्लीपर आडवा टाकलेला. इंजिन चालू आहे, थांबवायला आत कुणी नाही. हा हातातला स्लीपर उचलतो आणि पुढच्याच्या बरोबर टोकावर आपटतो. तो टुणकन उडून बाजूला पडतो, हातातलाही पडतो, इंजिन पुढं निघून जातं. एकच शॉट. मध्ये कुठं कापलेलं नाही. "अर्धा वीत चुकला असता तर तो उडून ह्याच्या टाळक्यात आला असता," अण्णा म्हणाले. "ह्यानं मोजलंय. हा नट नाही रे, हा मिस्त्री आहे."

त्या दिवसापासून आमच्या घरात बस्टर कीटनचं नाव मिस्त्री पडलं. रविवारी दुपारी जेवण झालं की अण्णा विचारतात, "आज तो टोपीवाला मिस्त्री आहे का?" ती चपटी टोपी तो स्वतः बनवायचा. साधी फेल्ट हॅट घ्यायची, कापून बुटकी करायची आणि काठ ताठ राहावा म्हणून साखरेच्या पाण्यात बुडवून वाळवायची. हे पाटीवर लिहून दाखवल्यावर अण्णांनी फक्त मान हलवली. खळ घालून टोपी कडक करणाऱ्या पिढीला त्यात नवल ते काय.

कीटन शाळेत जवळजवळ गेलाच नाही. जन्म ४ ऑक्टोबर १८९५चा, कॅन्सस राज्यातल्या पिक्वा नावाच्या खेड्यातला. तोही योगायोगानं तिथला, कारण आईबाप खेळ करून औषधं विकणाऱ्या फिरत्या कंपनीत होते आणि त्या दिवशी मुक्काम तिथं होता. पोरगं चालायला लागलं तसं स्टेजवर आलं. 'थ्री कीटन्स'चा खेळ असा की पोरगं बापाला त्रास देणार आणि बाप त्याला उचलून फेकणार. पडद्यावर, वादकांच्या खड्ड्यात, कधी प्रेक्षकांतही. फेकायला सोयीचं जावं म्हणून कपड्यांच्या पाठीला बॅगेची मूठ शिवलेली असायची. लहान मुलांच्या छळाविरुद्ध काम करणारे लोक न्यूयॉर्कमध्ये ह्या बापाच्या मागं लागले होते, आणि लागले नसते तर नवल. पण पोराच्या लक्षात एक गोष्ट आली. आपटल्यावर आपण हसलो की लोक हसत नाहीत, आणि आपण ढिम्म राहिलो की थिएटर डोक्यावर घेतात. तो चेहरा त्या वयातला आहे. पुढं जगानं त्याला दगडी चेहरा म्हटलं, तत्त्वज्ञान चिकटवलं. मुळात ती कामाची शिस्त होती, भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसानं घाम न पुसण्यासारखी.

आणि दगडी तरी कुठं आहे तो? डोळे बघा. हा माणूस पडद्यावर सतत हिशेब करत असतो. इथून उडी मारली तर तिथं पोचेन का, ही दोरी पुरेल का, आता ह्या तोफेचं तोंड माझ्याकडं वळलंय तर काय करू. रडायला वेळच नाही त्याला. आपणही त्याची कीव करत नाही, त्याच्याबरोबर हिशेब करायला लागतो. अण्णांना चॅप्लिनचं जे खुपलं आणि मिस्त्रीचं जे भावलं, ते हे असावं.

१९१७ साली, एकविसाव्या वर्षी, तो न्यूयॉर्कमध्ये रॉस्को आर्बकल ह्या लठ्ठ विनोदी नटाच्या स्टुडिओत नुसता बघायला गेला. रंगभूमीवर आठवड्याला २५० डॉलर मिळायचं ठरलेलं होतं, ते सोडून ४० डॉलरवर सिनेमात आला. कारण? कॅमेरा. तो म्हणायचा, पहिल्याच दिवशी मी कॅमेरा मागून घेतला आणि सगळा उघडून पाहिला. फिल्म कशी सरकते, दात कुठं अडकतात, कापल्यावर जोड कसा बसतो. आधी यंत्र कळलं पाहिजे, मग विनोद.

इथं मला थांबावंसं वाटतं, कारण नेमक्या ह्याच काळात कोल्हापुरात एक माणूस नुसता कॅमेरा उघडून थांबला नव्हता, तो तयार करत होता. बाबूराव पेंटर. त्यांचं मूळ आडनाव मेस्त्री! आनंदराव आणि बाबूराव हे नात्यातले भाऊ, नाटकाचे पडदे रंगवणारे, हाताला लाकूडकाम आणि लोखंडकाम दोन्ही ठाऊक. १९१६ साली आनंदराव गेले, आणि बाबूरावांनी कॅमेऱ्याचा ध्यास सोडला नाही. परदेशी कॅमेरा परवडत नाही तर आपणच बनवू, म्हणून लेथवर सुटे भाग काढत त्यांनी कॅमेरा उभा केला आणि त्यावर सिनेमे काढले. कीटन आणि बाबूराव ह्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता, मी तो जुळवतही नाही. पण यंत्र उघडल्याशिवाय चैन न पडणारी माणसं एकाच वेळी दोन टोकांना बसलेली होती, हे मला फार आवडतं.

कीटनचं यंत्रप्रेम बघायचं तर 'द प्लेहाउस' बघावा, १९२१चा. स्टेजवर नऊ जण एका रांगेत बसलेले दिसतात, नऊही बस्टर. आज हे फोनवर कुणीही करेल. तेव्हा भिंगापुढं एका वेळी एकच पट्टी उघडायची, तेवढंच चित्र घ्यायचं, फिल्म उलटी फिरवून पुन्हा सुरुवातीला आणायची, पुढची पट्टी उघडायची. असं नऊ वेळा. कॅमेरा हातानं फिरवायचा. एल्गिन लेसली नावाचा कॅमेरामन होता, त्याचा हात असा सारखा चालायचा की नऊही वेळा वेग तोच. नवव्या वेळी हालचाल चुकली असती तर आधीचे आठही फुकट. 'शेरलॉक ज्युनियर'मध्ये (१९२४) सिनेमा दाखवणारा ऑपरेटर झोपेत पडद्यात शिरतो आणि त्याच्या पायाखालचं दृश्य बदलत राहतं, बाग, रस्ता, कडा, समुद्र, बर्फ. माणूस तिथंच, जग बदलतं. ते जुळवायला ह्यांनी जमीन मोजायची उपकरणं वापरली. मोजणी कार्यालयात असतात तसली.

ह्याच सिनेमात त्याची मान मोडली. रेल्वेच्या टाकीच्या पाण्याच्या नळाला तो लोंबकळतो, नळ खाली येतो आणि पाण्याचा लोट अंगावर पडतो. त्या जोरानं हात सुटले आणि मान रुळावर आपटली. काही दिवस डोकं दुखलं, मग काम सुरू. मणक्याला चीर गेली होती हे कळलं कित्येक वर्षांनी, दुसऱ्याच कशासाठी तरी एक्स-रे काढला तेव्हा. अण्णांना हे लिहून दाखवायच्या आधीच, नळ खाली येताना बघून, त्यांनी स्वतःच्या मानेला हात लावला होता. इंजिनात पाणी भरायच्या नळाला दाब किती असतो हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

अण्णांचा सगळ्यात आवडता सिनेमा मात्र 'अवर हॉस्पिटॅलिटी', १९२३चा. त्यात आगगाडी अगदी सुरुवातीच्या काळातली, स्टीफन्सनच्या 'रॉकेट' इंजिनाच्या वळणाची, घोडागाडीसारखे डबे असलेली. रुळावर गाढव उभं राहतं आणि हटत नाही, तर हे लोक रूळच उचलून बाजूला घेतात. अण्णा इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. बार्शी लाइटबद्दल आमच्याकडं ह्याहून फार वेगळे विनोद होत नव्हते. गाडीतून उतरायचं, लिंबू तोडायचं आणि पळत जाऊन पुन्हा चढायचं, असं जुनी माणसं सांगायची.

त्या गाडीचा म्हातारा ड्रायव्हर, लाथेनं दुसऱ्याची टोपी उडवणारा, तो बस्टरचा बाप. जो कीटन. हाच बाप पोराला स्टेजवरून फेकायचा. पुढं दारूनं त्याचा तोल सुटायला लागला, आणि चुकीच्या हिशेबानं फेकलेलं पोर म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक होतं. १९१७च्या सुमारास बस्टर आणि आई त्याला सोडून निघून गेले आणि खेळ मोडला. तरी स्वतःचा स्टुडिओ झाल्यावर बस्टरनं बापाला कामं दिली. 'द जनरल'मध्येही तो शत्रूचा एक सेनापती आहे. मी हे अण्णांना पाटीवर चार वेळा पुसून-पुसून लिहून सांगितलं. त्यांनी सगळं वाचलं आणि म्हणाले, "टोपीला लाथ बरोबर मारतो." बापाविषयी बाकी काही बोलायचं त्यांनी टाळलं, आणि मीही पाटी पुसली.

पाटीचा विषय निघाला म्हणून सांगतो. मूकपटात मधेमधे मजकुराच्या पाट्या येतात, त्या इंग्रजीत. त्या मी मराठीत लिहून अण्णांसमोर धरतो. दुसऱ्या कुणाचा सिनेमा असला की माझा हात दुखतो. मिस्त्रीच्या सिनेमात मी निवांत असतो. तो सांगायचा की त्या काळी एका सिनेमात साधारण २४० पाट्या असत, त्यानं कधी ५६च्या वर वापरल्या नाहीत. मोजून बघायच्या भानगडीत मी पडलो नाही, पण हात साक्ष देतो.

आता ती भिंत. कीटनचं नाव ज्यांनी कधी ऐकलं नाही त्यांनीही ती बघितलेली असते, कारण ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. 'स्टीमबोट बिल ज्युनियर', १९२८. वादळ चाललंय, हा एका दुमजली घरासमोर येऊन उभा राहतो आणि घराची आख्खी दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते. माळ्याची खिडकी उघडी आहे. भिंत पडते, खिडकीची चौकट त्याच्या भोवतीनं जमिनीवर आपटते, आणि हा तसाच उभा. भिंत खरी, दोन टनांची म्हणतात. नकली करून चालणारं नव्हतं, हलकी भिंत वाऱ्यानं वळली असती आणि खिडकी जागेवर आली नसती. डोक्याला आणि खांद्यांना काही इंचांची मोकळीक. शूटिंगच्या वेळी हजर असलेल्यांतल्या काहींनी तोंड फिरवलं होतं.

ही कल्पना एकदम आलेली नाही, हे मला त्या भिंतीइतकंच महत्त्वाचं वाटतं. १९१९ साली आर्बकलच्या सिनेमात नाटकाचा हलका पडदा असाच पडतो. १९२०च्या 'वन वीक'मध्ये, नंबर बदललेल्या खोक्यांतून चुकीचं जोडलेलं तयार घर आहे, त्याची भिंत पडते. आणि मग आठ वर्षांनी ही. आधी कापड, मग फळ्या, मग दोन टन. कारागीर असाच मोठा होतो, तीच वस्तू पुन्हा पुन्हा करत.

लहानपणी स्टँडमागच्या व्हिडिओ पार्लरमध्ये आम्ही जॅकी चॅनचे पिक्चर बघायचो. 'प्रोजेक्ट ए'च्या दुसऱ्या भागात, १९८७च्या, त्याच्यावर अशीच भिंत पडते आणि तो मधल्या भोकातून उभा राहतो. आम्ही शिट्ट्या मारल्या होत्या. ती शिट्टी कुणासाठी होती हे पंधरा वर्षांनी कळलं. जॅकी चॅननं कीटनचं ऋण कधी लपवलेलं नाही. कॅमेरा लांब ठेवायचा, माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसला पाहिजे, मध्ये कापायचं नाही, म्हणजे फसवलं नाही हे बघणाऱ्याला कळतं, हा धडा तिथलाच. कुठल्याही हाणामारीच्या सिनेमात अर्ध्या सेकंदाला एक तुकडा यायला लागला की मला हल्ली अण्णांसारखं विचारावंसं वाटतं, हा कशानं एवढा चिडलाय?

सगळंच गोड मानून घ्यावं असं मात्र नाही. 'द जनरल'चा नायक दक्षिणेच्या बाजूनं लढतो, म्हणजे गुलामगिरी टिकवायला निघालेल्यांच्या बाजूनं, आणि गुलामगिरीबद्दल सिनेमात अवाक्षर नाही. मूळ घटना १८६२ची, तीत उत्तरेच्या हेरांनी जॉर्जियात इंजिन पळवलं होतं. कीटननं बाजू बदलली, कारण हरलेल्या दक्षिणेला खलनायक केलेलं प्रेक्षकाला रुचणार नाही असा त्याचा हिशेब. 'सेव्हन चान्सेस'मध्ये आणि 'कॉलेज'मध्ये तोंडाला काळं फासून केलेले विनोद आहेत. ते आज बघवत नाहीत. माझ्या मुलीनं विचारलं, "हे असं का केलंय?" आणि मला पाटी पुरली नाही. इंचाचा हिशेब करणाऱ्या माणसाला ही केवढी मोठी गोष्ट दिसली नाही.

'द जनरल' चालला नाही. पैसा पाण्यासारखा गेला होता आणि समीक्षकांना तो लांबलेला, बिनविनोदी वाटला. स्टुडिओची सूत्रं ज्याच्याकडं होती त्यानं १९२८ साली कीटनला एमजीएम ह्या बड्या कंपनीकडं वळवलं. जाऊ नकोस म्हणून चॅप्लिननं आणि हॅरॉल्ड लॉइड ह्या दुसऱ्या विनोदी नटानं बजावलं होतं. गेला. आयुष्यातली सर्वांत मोठी चूक, असं स्वतःच पुढं म्हणाला. लोक सांगतात, बोलपट आले आणि तो संपला. मला ते पटत नाही. त्याला आवाजानं नाही मारलं, फायलीनं मारलं. तिथं पटकथा आधी लिहून मंजूर करून घ्यायची, स्टंटला दुसरा माणूस, प्रत्येक खात्याचा वेगळा साहेब. जो माणूस सकाळी नदी बघून दुपारी विनोद बदलायचा, त्याला टेबलाशी बसवलं. दारू वाढली, संसार मोडला, बेव्हर्ली हिल्समधला बंगला गेला, १९३३ साली कंपनीनंही काढलं. पुढं त्याच कंपनीत दुसऱ्यांच्या सिनेमांना विनोद पुरवत आठवड्याला १०० डॉलरवर त्यानं वर्षं काढली. १९४० साली एलेनॉर नॉरिसशी लग्न झालं आणि तिनं त्याला सावरलं, एवढं एक बरं झालं.

मग ती खोली. पूर्वीचा बंगला नट जेम्स मेसन ह्यानं विकत घेतला होता, आणि तिथं एका बंद जागेत जुन्या फिल्मचे डबे सापडले. कीटनच्या स्वतःच्या प्रती. ती नायट्रेटची फिल्म, जपली नाही तर चिकट होऊन विरघळते, नाहीतर पेट घेते. आणखी काही वर्षं गेली असती तर संपलं होतं. त्या आणि इकडून तिकडून मिळालेल्या प्रतींवरून सिनेमे पुन्हा फिरायला लागले. १९६५ साली व्हेनिसच्या महोत्सवात लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. १ फेब्रुवारी १९६६ला तो गेला, सत्तराव्या वर्षी. कौतुक पोचलं, पण अगदी शेवटच्या गाडीनं.

बाबूराव पेंटरांच्या वाट्याला तशी खोली आली नाही. १९२५चा मूक 'सावकारी पाश', ज्यात तरुण शांताराम शेतकरी झाले होते, आज कुठंही बघायला मिळत नाही. त्याची वर्णनं वाचायची, एखादा फोटो बघायचा. बाबूरावांनी १९३६ला तो पुन्हा बोलपट म्हणून काढला, पण पहिला गेलाच. वारसा वगैरे आपण मोठ्या तोंडानं बोलतो. पुष्कळदा तो कुणाच्या तरी घरातल्या कोरड्या खोलीचा प्रश्न असतो.

'द जनरल'चा शेवट अण्णांना त्या पहिल्या रविवारी दाखवला नव्हता, जेवायची वेळ झाली होती. तो पुढच्या रविवारी. जळत्या लाकडी पुलावर शत्रूचं इंजिन येतं, पूल मोडतो आणि इंजिन नदीत कोसळतं. २३ जुलै १९२६, कॉटेज ग्रोव्ह गावाजवळची रो नदी. काही हजार लोक बघायला जमले होते. मूकपटांच्या काळातला सर्वांत महागडा एकच शॉट, ४२ हजार डॉलर म्हणतात. पुन्हा घेणं शक्यच नव्हतं. पूल पडल्यावर उत्तरेचा तो सेनापती जो चेहरा करतो, त्यावर थिएटर हसतं. मीही हसलो.

अण्णा हसले नाहीत. "खेळण्यातलं असेल," ते म्हणाले.

मी पाटीवर लिहिलं, खरं आहे.

त्यांनी परत लावायला सांगितलं. परत पाहिलं. वाफ निघत असलेलं इंजिन नाकावर पाण्यात जातं. "चालू इंजिन," ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसला. मिस्त्रीवर ते त्या दिवशी नाराज होते, हे मला स्पष्ट दिसलं. चालतं यंत्र मुद्दाम मोडणं त्यांच्या हिशेबात कुठं बसतच नव्हतं. जॉनीला गणवेश मिळतो, तो त्याच साइड रॉडवर अ‍ॅनाबेलला घेऊन बसतो, येणाऱ्याजाणाऱ्या सैनिकांना सलाम ठोकता-ठोकता तिचा मुका घेतो, तेही अण्णांनी अर्धवट लक्षानंच पाहिलं. इंजिन उभं होतं, एवढंच त्यांनी तपासून घेतलं असावं.

सकाळी चहाच्या वेळी विचारलं, "ते काढलं का नंतर?"

पाटी शोधली. लिहिलं, वीस वर्षं नदीतच होतं जवळजवळ. लोक बघायला जायचे. मग दुसऱ्या महायुद्धात लोखंड लागलं, तेव्हा भंगारात.

अण्णांनी ते वाचलं. बशीतला चहा संपवला. मग माझ्या हातातली पेन्सिल घेतली, पाटी पुसली आणि बॉयलर, चाकं, फ्रेम असं एकाखाली एक लिहून त्यापुढं आकडे मांडायला लागले. मागचं जळण-पाण्याचं टेंडर धरायचं की नाही, हे त्यांनी मला विचारलं.